बॅरिस्टर नाथ पै आणि आपले तरुण वकील



आपल्या घरांतून एलएलबी होणाऱ्या मुलामुलींची संख्या आता चांगलीच वाढली आहे. त्यांतील काहींना राजकारणाची ओढ आहे, हेही लपून राहिलेले नाही. वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : "आधी वकिलीत बस्तान बसव, मग काय झेंडे घ्यायचे ते घे." हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे असे आम्हांला वाटते. म्हणून या अंकात बॅरिस्टर नाथ पै यांची आठवण काढावीशी वाटली. नव्या पिढीला हे नाव फारसे ठाऊक नाही.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. वाढले मात्र बेळगावात. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगला. पुढे विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले. तिकडे असतानाच समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत ते वर आले आणि १९५४ पासून काही वर्षे तिचे अध्यक्ष राहिले. एवढी ओळख असलेला माणूस विलायतेत किंवा मुंबईच्या हायकोर्टात सुखाने राहू शकला असता. ते १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून उभे राहिले आणि ३४ व्या वर्षी लोकसभेत गेले.

लाटेत निवडून येणारे पुष्कळ असतात. खरी परीक्षा १९६२ साली झाली. महाराष्ट्र राज्य मिळाले होते, समितीची एकी मोडली होती आणि राज्यातल्या ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या. त्या पडझडीतही राजापूरने नाथ पैंनाच पाठवले, आणि १९६७ सालीही. कोकणातला मतदार काही इंग्रजी भाषणांवर भाळणारा नव्हता. पाच वर्षे हा माणूस आपल्याकडे येतो की नाही, आपले गाऱ्हाणे दिल्लीत मांडतो की नाही, हे त्याने पाहिले होते. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदा ठरवला. त्या संपातही नाथ पै पुढे होते. त्यांची बॅरिस्टरी कोर्टापेक्षा अशा कामांत आणि सभागृहातच जास्त खर्ची पडली.

आपल्याला ते जवळचे वाटावेत असे आणखी एक कारण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, म्हणजे नाथ पैंचे घर एका कागदाने परराज्यात गेले. आपलेही तसेच. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जैनाबाद, अकोला, बुलढाणा, नागपूर सगळे एकाच राज्यात होते. आपल्या आजोबांची राजधानी नागपूर, हायकोर्टही नागपूरच. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूर. तापीच्या या काठावरचे कोणी हलले नाही, सरकार तेवढे हलले. बेळगावने त्यावर लढा उभारला, आपण जुळवून घेतले. जे झाले ते झाले. बुऱ्हाणपूर आज आपलेच आहे आणि सीमा हलवा असे आम्ही म्हणत नाही. नाथ पै मात्र शेवटपर्यंत सीमाभागाबरोबर राहिले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८.

आता त्यांच्या ज्या कामाबद्दल आमच्याही मनात दोन मते आहेत, त्याकडे वळतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसद कात्री लावू शकत नाही. नाथ पैंनी लगेच खासगी विधेयक आणले : घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर त्यांचा विश्वास होता, आणि जमीन सुधारणांसारखी कामे कोर्टात अडकू नयेत ही तळमळ. चर्चा लांबली, डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बारगळले. पण १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने सरकारने तीच गोष्ट केली.

आपण भाषिक अल्पसंख्य आहोत. आपली भाषा जपण्याचा आणि शाळा चालवण्याचा हक्क घटनेच्या कलम २९ आणि ३० मध्ये आहे, म्हणजे मूलभूत हक्कांतच. तो बहुमताने काढता यावा काय? आणीबाणीत संसदेच्या बहुमताने काय काय होऊ शकते ते देशाने पाहिले. नाथ पै ते पाहायला राहिले नाहीत. असते तर त्यांनी आपले मत बदलले असते, असे आम्हांला वाटते. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने मधला मार्ग काढला : दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावू नका. आपल्यासारख्यांनी त्या निकालाचे आभार मानावेत. तरीही एक गोष्ट नाथ पैंच्या बाजूने राहते. विरोधी बाकावरच्या एका खासदाराने साऱ्या देशाला घटनेवर वाद घालायला लावला.

आपल्या समाजात निवडणूक आली की एकच हिशेब चालतो, कोणत्या पक्षाने किती मराठी माणसांना तिकीट दिले. खंडवा मतदारसंघाने १९७९ च्या पोटनिवडणुकीत धारच्या कुशाभाऊ ठाकरे यांना लोकसभेत पाठवले (तेही १९२२ चेच), आणि २०२१ पासून बुऱ्हाणपूरचे ज्ञानेश्वर पाटील खासदार आहेत. तिकिटाचा हिशेब सुटला. पण खासदाराकडे आपण नेतो काय? बदलीचा अर्ज, नाही तर मंगल कार्यालयाच्या भिंतीसाठी निधी.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. हा मूलभूत हक्क नाही, म्हणून नुसते कोर्टात जाऊन भागत नाही. सरकारला विचारावे लागते, पुनःपुन्हा. ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्यांसाठी एक आयुक्तही आहे. आमच्या घरांतले किती वकील त्या आयुक्ताला एक पत्र लिहून बसले आहेत? एकही नसावा. सांगायला लाज वाटते, पण या संपादकानेही लिहिलेले नाही.

तेव्हा तरुण वकिलांना विनंती अशी की जिल्ह्यातल्या ज्या गावांत मराठी घरे आहेत, तेथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते का, शिक्षक आहे का, पुस्तके येतात का, एवढीच माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. अर्जाची फी दहा रुपये आहे. ती मंडळ देईल. उत्तरे हाती आली की त्यांवरून लोकसभेत विचारण्याजोगा प्रश्न तयार करून खासदारांना भेटू. पक्ष कोणताही असो. ज्यांना काम करायचे आहे त्यांनी आपले नाव मंडळाच्या कार्यालयात नोंदवावे. मसुद्यावर पुढच्या मासिक बैठकीत बोलू.

— संपादक