साठीनंतरचा अभ्यासक्रम

"आता काय, वय झालं!" आमच्या सातारा-सांगलीकडे पेन्शनरांच्या कट्ट्यावर हे वाक्य रोज ऐकू येतं. मला ते पटत नाही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यांतले पाच विशीपर्यंत संपतात, उरलेले तीन त्यानंतरचे! सातव्यात प्रश्न असतो : पुढच्या पिढीसाठी काही करणार की स्वतःतच अडकून पडणार? आठव्यात : जगलो त्याचं समाधान की नुसती हळहळ?

दोन्ही उत्तरं आपल्याच मातीत आहेत. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. तो राजा मुलाचं तारुण्यच मागून घेतो. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील गेले. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या पोरांसाठी वेचली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिलं.

ययाती घरोघरी असतात, फक्त आपण त्याला 'काळजी' म्हणतो. मुलानं कुठं नोकरी करावी, नातीनं काय शिकावं, सगळं आम्हीच ठरवायचं! माझ्या मते म्हातारपणाचा अभ्यास एवढाच... किल्ल्या सोपवायच्या, आणि विचारलं तर सांगायचं. तुम्हाला काय वाटतं?