कळूनही गप्प बसलेला खेळाडू आणि कळूनही गप्प बसलेला मालक

पोस्ट मोठी आहे. विषय बेसबॉलचा असला तरी बेसबॉल कळायची गरज नाही. पैसे, सत्ता आणि शिक्षा एवढं कळलं तरी पुरे.

13 मे 2025 रोजी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं की कायमच्या बंदीची मुदत माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे 17 मृत व्यक्तींची नावं बंदीच्या यादीतून निघाली. त्यांत 1919 च्या वर्ल्ड सिरीजमधले ते आठ खेळाडूही होते, ज्यांना जग ‘ब्लॅक सॉक्स’ म्हणून ओळखतं. लगेच सगळीकडे चर्चा सुरू झाली: ‘शूलेस’ जो जॅक्सनला आता हॉल ऑफ फेममध्ये घेणार का? शंभर वर्षांचा अन्याय दूर झाला का?

माझं म्हणणं असं की अन्याय दूर झालेला नाही. झाला कुठे, हेच अजून कोणी कबूल केलेलं नाही.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर 1919. शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. नऊ सामन्यांची मालिका, जो पाच जिंकेल तो विजेता. व्हाइट सॉक्सचं पारडं जड मानलं जात होतं. पण सट्टेबाजांशी आधीच बोलणी झाली होती. पहिल्या सामन्यात शिकागोचा हुकमी पिचर एडी सिकॉट याने रेड्सच्या पहिल्याच बॅटरच्या अंगावर चेंडू मारला. सौदा पक्का असल्याची ती खूण होती. तो सामना रेड्सनी 9-1 जिंकला. पुढे लेफ्टी विल्यम्स हा दुसरा पिचर तीन सामने हरला आणि मालिका रेड्सनी 5-3 अशी खिशात घातली.

पैसे घेतले गेले, यात शंका नाही. सिकॉटने 10,000 डॉलर घेतल्याचं ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं. जॅक्सनने 20,000 चं आश्वासन मिळाल्याचं आणि त्यातले 5,000 हातात पडल्याचं सांगितलं. ‘बिचारे गरीब खेळाडू, कंजूस मालक’ ही जी गोष्ट ‘एट मेन आउट’ या पुस्तकाने आणि 1988 च्या सिनेमाने घरोघरी पोचवली, ती मला पटत नाही. व्हाइट सॉक्सचा पगाराचा एकूण खर्च त्या काळच्या लीगमध्ये वरच्या संघांत मोडत होता. तीस विजयांवर बोनस होता आणि तो द्यावा लागू नये म्हणून सिकॉटला 29 विजयांवर बसवून ठेवलं, हीसुद्धा सिनेमातली गोष्ट. नोंदी सांगतात की 29 वा विजय मिळवल्यानंतरही तो पिचिंगला उतरला होता. तेव्हा खेळाडूंना गरिबीची सबब देऊ नका. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असंही मी म्हणत नाही, कारण त्या आठांतले बहुतेक जण संन्यासी नव्हतेच.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या मध्यभागी जॅक्सन नाही, बक वीव्हर आहे.

वीव्हर हा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. सौद्याची बोलणी झाली तेव्हा तो तिथे हजर होता. त्याने एक डॉलरही घेतला नाही. मालिकेत 34 संधींत 11 हिट मारले, क्षेत्ररक्षणात एकही चूक केली नाही. तो जिंकण्यासाठी खेळला हे त्याच्या विरोधकांनीही नाकारलेलं नाही. त्याचा गुन्हा एकच: त्याला कळलं होतं आणि तो बोलला नाही.

2 ऑगस्ट 1921 रोजी शिकागोच्या ज्युरीने सगळ्या आरोपी खेळाडूंना निर्दोष सोडलं. इलिनॉय राज्यात तेव्हा सामना मुद्दाम हरणं हा गुन्हाच नव्हता, खटला फसवणुकीच्या कटाचा होता. दुसऱ्याच दिवशी नवे कमिशनर, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी जाहीर केलं की ज्युरी काहीही म्हणो, हे आठजण पुन्हा व्यावसायिक बेसबॉल खेळणार नाहीत. ज्याने सामना सोडला तो नाही, ज्याने सोडायचं कबूल केलं तो नाही, आणि जो अशा बोलण्यांत बसला पण आपल्या क्लबला तातडीने सांगायला गेला नाही, तोही नाही.

हे तिसरं कलम वीव्हरसाठी होतं. त्यातले शब्द नीट बघा: ‘आपल्या क्लबला’.

आता त्या क्लबला काय माहीत होतं ते पाहू.

क्लबचे मालक चार्ल्स कोमिस्की. मालिका सुरू झाली आणि काहीतरी शिजतंय ही कुणकुण त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांच्या कानावर घातली, हेडलरनी अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांना सांगितली, आणि जॉन्सननी उडवून लावली. जॉन्सन आणि कोमिस्की यांचं हाडवैर होतं. म्हणजे मालिका चालू असतानाच बेसबॉलमधल्या तीन मोठ्या माणसांना कुणकुण लागली होती. मालिका थांबली नाही. तिकिटं विकली जात होती.

मालिका संपल्यावर कोमिस्कींनी एकीकडे खाजगी गुप्तहेर लावले आणि दुसरीकडे वर्तमानपत्रांतून पुरावा आणून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. ह्यू फुलर्टन नावाच्या पत्रकाराने डिसेंबर 1919 मध्ये हे सगळं लिहून चौकशीची मागणी केली, तर बेसबॉलच्या बाजूच्या नियतकालिकांनी त्याचीच टर उडवली. मग 1920 चा हंगाम आला. कोमिस्कींनी काय केलं? त्याच खेळाडूंना घेऊन संघ उतरवला. आठांपैकी फक्त चिक गँडिल त्या वर्षी नव्हता. सिकॉट आणि विल्यम्स दोघांनीही त्या हंगामात वीसच्या वर सामने जिंकले. कोमिस्कींच्या मैदानावर वर्षभरात 8 लाखांहून जास्त प्रेक्षक आले, आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त.

निलंबन कधी झालं? 28 सप्टेंबर 1920 ला, सिकॉट आणि जॅक्सन ग्रँड ज्युरीपुढे बोलले त्या दिवशी. आणि ती ग्रँड ज्युरीही 1919 च्या मालिकेसाठी बसली नव्हती. कब्ज आणि फिलीज यांच्यातल्या ऑगस्ट 1920 मधल्या एका संशयास्पद सामन्यासाठी ती बसली होती. धागा ओढताना हे बाहेर आलं.

म्हणजे हिशेब असा. वीव्हरला कळलं, तो गप्प बसला. मालकाला कळलं, तो जवळजवळ वर्षभर गप्प बसला आणि त्या वर्षभरात गल्ला भरत राहिला. वीव्हरला शिक्षा का, तर त्याने क्लबला सांगितलं नाही. अहो, क्लबला माहीत होतं! जी बातमी त्याने मालकाला द्यायला हवी होती, ती मालक आधीच कुलूपबंद करून बसला होता.

वीव्हर निर्दोष नव्हता. त्याने बोलायला हवं होतं, हे मला मान्य आहे. त्याला एक-दोन वर्षं बाहेर बसवलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण कळूनही गप्प बसणं हा जर आयुष्यभराच्या हकालपट्टीचा गुन्हा असेल, तर तो शिकागोच्या तिसऱ्या बेसवर जेवढा गुन्हा आहे तेवढाच मालकाच्या कचेरीत आहे. खरं तर तिथे जास्त, कारण कारवाई करायची ताकद तिथे होती. वीव्हरने परत घेण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज केले. प्रत्येक वेळी नकार. 1956 मध्ये शिकागोतच तो वारला. कोमिस्की 1939 साली हॉल ऑफ फेममध्ये गेले. लँडिस 1944 साली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: लँडिसने कठोरपणा दाखवला नसता तर खेळच संपला असता. त्या वेळी उदाहरण घालून देणं भाग होतं.

बरं, मग उदाहरण सगळ्यांना सारखं लागू झालं का? 1926 साली डच लिओनार्ड नावाच्या माजी पिचरने आरोप केला की 25 सप्टेंबर 1919 चा डेट्रॉइट-क्लीव्हलँड सामना आधीच ठरवलेला होता. त्यात नावं कोणाची? टाय कॉब आणि ट्रिस स्पीकर, त्या काळातले सर्वांत मोठे तारे. लिओनार्डने पत्रं दिली होती आणि कॉबच्या पत्रात पैजेचा विषय होता. लिओनार्ड समोरासमोर साक्ष द्यायला आला नाही, म्हणून जानेवारी 1927 मध्ये लँडिसने दोघांनाही मोकळं केलं. आरोप करणारा समोर नाही, म्हणून शिक्षा नाही: नियम म्हणून हे अगदी योग्य आहे. पण मग संशयाचा फायदा कॉबला आणि ज्युरीचा निकाल असूनही वीव्हरला काहीच नाही, हे कसं? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दुसरं उत्तर: मालकांना हात लावायचा अधिकार कमिशनरला नव्हता. साफ खोटं. 1943 मध्ये याच लँडिसने फिलाडेल्फिया फिलीजचे मालक विल्यम कॉक्स यांना स्वतःच्याच संघावर पैजा लावल्याबद्दल कायमचं बाहेर काढलं. अधिकार होता. 1921 साली वापरायचा नव्हता.

का नव्हता, हे कळायला लँडिसला कोणी नेमलं ते बघावं लागतं. नोव्हेंबर 1920 मध्ये सोळा क्लबांच्या मालकांनी त्याला नेमलं. त्याची आणि मालकांची ओळख जुनी होती. 1915 साली फेडरल लीग या तिसऱ्या लीगने मालकांच्या मक्तेदारीविरुद्ध खटला भरला, तो लँडिसच्याच कोर्टात. त्याने जवळजवळ वर्षभर निकालच दिला नाही, शेवटी तडजोड झाली आणि फेडरल लीग गुंडाळली गेली. पुढे 1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवलं. करारातलं ‘रिझर्व्ह क्लॉज’ तसंच राहिलं: क्लब खेळाडूला दहा दिवसांच्या नोटिशीवर काढू शकतो, खेळाडू मात्र स्वतःहून दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकत नाही. ते कलम मोडायला 1975 साल उजाडावं लागलं.

अशा करारात अडकलेल्या खेळाडूने तोंड उघडायचं, म्हणजे ज्याच्या हातात आपली भाकरी आहे त्याच्याचकडे जाऊन आपल्याच सोबत्यांची चुगली करायची. आणि बोलणाऱ्यांचं काय होतं हेही सगळ्यांना दिसत होतं. 1918 साली सिनसिनाटीचा मॅनेजर ख्रिस्टी मॅथ्यूसन याने हॅल चेस या बदनाम खेळाडूवर सामने सोडल्याचा आरोप करून त्याला निलंबित केलं. हेडलरपुढे सुनावणी झाली, चेस सुटला आणि 1919 मध्ये उजळ माथ्याने न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला. मॅथ्यूसनसारख्या दंतकथा झालेल्या माणसाचं ऐकलं गेलं नाही, तिथे वीव्हरचं कोण ऐकणार होतं?

आणि ज्याचं नाव या साऱ्या सौद्यामागचा पैसेवाला म्हणून घेतलं जातं, तो न्यूयॉर्कचा अर्नोल्ड रॉथस्टीन? ग्रँड ज्युरीपुढे आला, साक्ष दिली, परत गेला. त्याच्यावर आरोपपत्रच नाही.

म्हणून मला लँडिसच्या ‘खमकेपणा’चं कौतुक सहन होत नाही. आपल्याकडेही खेळात काही भानगड निघाली की हटकून कोणीतरी लिहितं, एक लँडिस हवा, सगळं साफ करेल. त्याने साफ केलं ते ड्रेसिंग रूम. मालकांच्या खोलीचं दार त्याने ठोठावलंही नाही. त्याच खमक्या माणसाच्या चोवीस वर्षांत मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. जॅकी रॉबिन्सनशी करार झाला तो लँडिस गेल्यावर, 1945 मध्ये. ज्याच्या निर्णयावर अपील नाही असा माणूस कधी न्याय करतो, कधी नाही, आणि दोन्ही वेळा त्याला कोणी विचारू शकत नाही.

2025 च्या निर्णयाकडे परत येऊ. मॅनफ्रेड यांचा युक्तिवाद काय, तर मेलेला माणूस खेळाच्या सचोटीला धोका पोचवू शकत नाही. वीव्हरची शिक्षा जास्त होती, असं ते म्हणालेच नाहीत. तो मेला आहे, एवढंच म्हणाले. म्हणून त्या एकाच यादीतून वीव्हरचंही नाव निघालं आणि पैजा लावणाऱ्या कॉक्सचंही. आता पुढची कित्येक वर्षं लोक जॅक्सनच्या 12 हिटवर वाद घालतील. घालू देत. पण त्याच हॉल ऑफ फेममध्ये कोमिस्कींची पाटीही आहे, आणि 1919 च्या ऑक्टोबरपासून 1920 च्या सप्टेंबरपर्यंत त्यांना काय माहीत होतं, हा प्रश्न तिथे कोणीच विचारत नाही. जॅक्सनला आत घ्यायचं की नाही यावर मत द्यायच्या आधी, तो प्रश्न विचारा.