खात्री नसलेल्या प्रश्नांसाठीही यंत्र मोकळं करा

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेच्या वेड रोड परिसरातली माणसं तापाने आणि खोकल्याने दगावू लागली. शहरातून लाखो लोक पळाले, त्यात खानदेशातून पोटासाठी आलेले मागकामगारही होते. काही आठवडे आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली होती. तरी सुरतेचा आजार प्लेगच आहे का, यावर डॉक्टरांत जुंपली. कुणी मेलिऑइडोसिस म्हणे, कुणी लेप्टोस्पायरोसिस. सरकारने नेमलेल्या डॉ. रामलिंगस्वामी समितीने तो प्लेगच ठरवला, पण शंका संपल्या नाहीत. २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, साथीत वेगळ्या केलेल्या जिवाणूंचा जनुकीय क्रम वाचून, ते प्लेगचे जिवाणू 'यर्सिनिया पेस्टिस'च असल्याचं दाखवलं.

साथ कधीच ओसरली होती. रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता आणि नफा तर कुणालाच नव्हता. तरीही काम झालं, कारण प्रश्न घेऊन बसायला जागा होती आणि यंत्रंही.

अशी जागा आणि यंत्रं सगळ्यांसाठी खुली ठेवता येतात. अमेरिकेत रिचलंडला रेणूंच्या पातळीवर काम करणारी एक सामायिक प्रयोगशाळा, ईएमएसएल, १९९७पासून चालू आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात. तो मंजूर झाला आणि निष्कर्ष खुले करायचे असतील तर यंत्र वापरायला पैसे पडत नाहीत. त्यात चाचपणीच्या संशोधनासाठी वेगळे प्रस्ताव मागवले जातात: थोडा काळ, थोडी साधनं, नवी कल्पना.

आपल्याकडे आय-स्टेम पोर्टल २०२०मध्ये सुरू झालं. देशभरातली महागडी यंत्रं कुठे आहेत ते त्यावर दिसतं, वेळही मागता येते. चांगलं आहे. पण नुसती यादी पुरत नाही. ज्याच्या हाती प्रकल्पाचा निधी नाही, त्या महाविद्यालयीन प्राध्यापकाने शुल्क कुठून भरायचं? आणि निधी मागायला गेलं की आधीचे निष्कर्ष दाखवा म्हणतात. ते यंत्राशिवाय मिळणार कसे?

सुरतेत प्रश्नांना तोटा नाही. पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या सांडपाण्यात तग धरणारे जिवाणू रंग पचवतात का? पावसाळ्यात दक्षिण गुजरातच्या भातशेतीत लेप्टोस्पायराच्या कोणत्या जाती फिरतात? यातले निम्मे प्रयोग फसतील. फसू द्यावेत.

सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक मोठ्या यंत्राच्या वेळापैकी दहावा हिस्सा अशा प्रश्नांना विनाशुल्क द्यावा. त्यासाठी सुरतेच्या विद्यापीठाने, एसव्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेने आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने एकत्र बसून, दोन पानी अर्जावर निवड करणारी एक समिती नेमावी.