हकालपट्टी प्रशिक्षकाची, अपयश कोणाचे?

मिनेसोटा ट्विन्स या अमेरिकी बेसबॉल संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपले फलंदाजी प्रशिक्षक डेव्हिड पॉपकिन्स यांना नारळ दिला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ७० विजय आणि ५३ पराभव अशा भक्कम स्थितीत असलेल्या या संघाने उरलेल्या ३९ सामन्यांपैकी २७ गमावले आणि बाद फेरीची संधी हातची घालवली. ऐन मोक्याच्या वेळी फलंदाज ढेपाळले, तेव्हा फलंदाजी शिकवणारा माणूस जाणे क्रमप्राप्तच होते, असे मिनियापोलिसमधील अनेक चाहत्यांचे मत पडले. पॉपकिन्स फार काळ बेकार राहिले नाहीत. त्याच महिन्यात त्यांना टोरांटो ब्ल्यू जेज या संघाने करारबद्ध केले. हा संघ २०२४ मध्ये ७४ विजय आणि ८८ पराभवांसह आपल्या गटात तळाला होता. पुढच्या वर्षी याच संघाने ९४ सामने जिंकले, गटाचे विजेतेपद मिळवले, सर्व संघांत सर्वाधिक फलंदाजी सरासरी नोंदवली आणि १९९३ नंतर प्रथमच ‘वर्ल्ड सीरिज’ गाठली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी अकरा डावांपर्यंत लांबलेल्या सातव्या सामन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सने त्यांना ५-४ असे हरवले, तेव्हा टोरांटोच्या कौतुकाचे एक मानकरी पॉपकिन्सही होते.

एकाच माणसाला एका शहराने नालायक ठरवावे आणि वर्षभरात दुसऱ्या शहराने डोक्यावर घ्यावे, हा केवळ दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. फलंदाजी ढासळलेल्या संघाचे अपयश प्रशिक्षकाच्या माथी किती मारायचे, हा अमेरिकी बेसबॉलप्रेमींचा जुना वाद आहे. ‘बॅट खेळाडूच्या हातात असते, प्रशिक्षकाच्या नव्हे’ असे एक पक्ष म्हणतो. ‘सगळेच फलंदाज एकाच वेळी कसे बिघडतात?’ असा दुसऱ्या पक्षाचा सवाल असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

बेसबॉलमधील फलंदाजीचे स्वरूप क्रिकेटपेक्षा वेगळे आहे. पिचरने साठ फूट सहा इंचांवरून फेकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, सोडायचा की मारायचा हे ठरवायचे आणि गोल बॅटने गोल चेंडू नेमका टिपायचा. दहापैकी तीन वेळा फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठणारा, म्हणजे ०.३०० सरासरी राखणारा, फलंदाज उत्तम मानला जातो. सात वेळा अपयशी होणे हे तिथे निपुणतेचेच लक्षण आहे. आता पाचशे प्रयत्नांचा हंगाम धरला, तर ०.२५० सरासरीचा सामान्य फलंदाज १२५ वेळा यशस्वी होतो आणि ०.३०० सरासरीचा नामांकित फलंदाज १५० वेळा. हंगाम सुमारे सव्वीस आठवड्यांचा असतो. म्हणजे सामान्य आणि नामांकित यांच्यातील अंतर आठवड्याला जेमतेम एका फटक्याचे. तो एक फटका क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला काय किंवा त्याच्या हातभर पलीकडून गेला काय, त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे महिना-दीड महिन्याच्या अपयशावरून शिकवणुकीचा दर्जा ठरवणे धोक्याचे आहे.

या वादातील सर्वांत बोलके उदाहरण टेड विल्यम्स यांचे आहे. १९४१ मध्ये ०.४०६ सरासरी नोंदवणाऱ्या या महान फलंदाजानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणालाही पूर्ण हंगामात ०.४०० चा टप्पा गाठता आलेला नाही. १९६९ मध्ये ते वॉशिंग्टन सेनेटर्स या दुबळ्या संघाचे व्यवस्थापक झाले. आदल्या वर्षी या संघाची सरासरी ०.२२४ होती, ती विल्यम्स यांच्या पहिल्याच हंगामात ०.२५१ झाली. ६५ विजयांवरून संघ ८६ विजयांवर पोहोचला. परिसस्पर्शाची कथा रचायला याहून अधिक काय हवे? मात्र या कथेला दुसरीही बाजू आहे. १९६८ हे पिचरांच्या निर्विवाद वर्चस्वाचे वर्ष होते. त्यावर उपाय म्हणून १९६९ पासून पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो, त्याची उंची पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणण्यात आली आणि चेंडू वैध ठरवण्याचा पट्टाही आक्रसला. शिवाय चार नवे संघ आल्यामुळे पिचरांची फळी विरळ झाली. परिणामी विल्यम्स यांचा संघ ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळत होता, त्या संपूर्ण लीगची सरासरीच ०.२३० वरून ०.२४६ वर गेली. सेनेटर्सच्या सुधारणेचा निम्म्याहून अधिक भाग सर्वांच्याच वाट्याला आला होता. उरलेल्या भागाचे श्रेय विल्यम्स यांना देता येईल. पण १९७० मध्ये तोच संघ पुन्हा गटात शेवटचा आला आणि टेक्सासला स्थलांतर झाल्यावर १९७२ मध्ये विल्यम्स यांच्याच हाताखाली त्याने शंभर सामने गमावले. गुरू तोच होता, फळे मात्र वेगळी आली.

प्रशिक्षक बदलताच संघ सुधारतो, हा समज दृढ होण्यामागे आणखी एक कारण आहे. प्रशिक्षकाला काढले जाते ते संघ चांगला खेळत असताना नव्हे, तर तो तळाला गेलेला असताना. मूळ कुवतीपेक्षा खाली घसरलेली कामगिरी कोणी काहीही केले नाही तरी बहुधा पुन्हा सरासरीकडे सरकते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांत हाच भ्रम आढळला होता. वाईट उड्डाणानंतर शिष्याला खडसावले की पुढचे उड्डाण सुधारते आणि शाबासकी दिली की बिघडते, असा त्या प्रशिक्षकांचा अनुभव होता. प्रत्यक्षात फार वाईटानंतर थोडे बरे आणि फार चांगल्यानंतर थोडे वाईट येणे हा केवळ गणिताचा भाग होता. नवा फलंदाजी प्रशिक्षक अनेकदा अशाच भरतीच्या तोंडावर येतो आणि पाणी आपणच चढवले असे श्रेय त्याच्या पदरात पडते.

भरती आलीच नाही तर काय होते, हे न्यूयॉर्क यांकीजने २०२३ मध्ये दाखवून दिले. जुलैमध्ये, हंगामाच्या मध्यावर, त्यांनी डिलन लॉसन यांना दूर करून माजी फलंदाज शॉन केसी यांना आणले. तोवर संघाच्या नावावर ४९ विजय आणि ४२ पराभव होते. त्यानंतर ३३ विजय आणि ३८ पराभव झाले. हंगामअखेरची सरासरी ०.२२७ इतकी खालावलेली राहिली आणि २०१६ नंतर प्रथमच संघ बाद फेरीबाहेर राहिला. संघाचा मुख्य फलंदाज ॲरन जज पायाच्या अंगठ्याला झालेल्या दुखापतीने जून-जुलैतील कित्येक आठवडे बाहेर होता. त्याची उणीव कोणतीही शिकवणी भरून काढू शकणार नव्हती.

मग प्रशिक्षक निरुपयोगीच म्हणायचा काय? तसा निष्कर्षही घाईचा ठरेल. त्याचा प्रभाव संघाच्या सरासरीत क्वचितच स्पष्ट दिसतो, पण एकेका खेळाडूच्या कारकिर्दीत कधी कधी लख्ख दिसतो. जोसे बाउटिस्टा या टोरांटोच्या खेळाडूने २०१० पूर्वी कोणत्याही हंगामात सोळाहून अधिक होमरन मारले नव्हते. व्यवस्थापक सिटो गॅस्टन आणि प्रशिक्षक ड्वेन मर्फी यांनी त्याला बॅट फिरवण्याची सुरुवात जरा आधी करायला लावली आणि २०१० मध्ये त्याने ५४ होमरन फटकावले. जे. डी. मार्टिनेझची कथाही अशीच आहे. मार्च २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला सोडून दिले. त्याआधीच्या सुट्टीत क्रेग वॉलेनब्रॉक आणि रॉबर्ट व्हॅन स्कॉयक या खासगी प्रशिक्षकांकडे जाऊन त्याने आपला फटका मुळापासून नव्याने घडवला होता. डेट्रॉइटकडून खेळताना त्याच वर्षी त्याने ०.३१५ सरासरी राखली. यातील मर्म असे की, हा बदल घडवणारे शिक्षक तेव्हा कोणत्याच संघाच्या बाकावर बसलेले नव्हते. आज अनेक फलंदाज हंगामाबाहेर स्वखर्चाने असे गुरू गाठतात. श्रेय आणि दोष मात्र संघाच्या अधिकृत प्रशिक्षकाच्या खाती जमा होतात.

बाउटिस्टाच्या यशोगाथेलाही पुरवणी जोडावी लागते. त्याच २०१० मध्ये, त्याच मर्फी यांच्या देखरेखीखाली, त्याचे सहकारी ॲरन हिल आणि ॲडम लिंड कोसळले. हिलची सरासरी ०.२८६ वरून ०.२०५ वर आली, तर लिंडची ०.३०५ वरून ०.२३७ वर. एकाच वर्गातला एक विद्यार्थी पहिला येतो आणि दोन हुशार विद्यार्थी नापास होतात, तेव्हा शिक्षकाला गुण किती द्यायचे?

काळानेही हे काम अवघड केले आहे. पिचरांच्या चेंडूचा वेग गेल्या दीड-दोन दशकांत वाढतच गेला आहे. अतिवेगवान कॅमेरे आणि संगणकीय मोजमाप यांचा लाभ आधी पिचरांनी उठवला, कारण कोणता चेंडू टाकायचा हे ते स्वतः ठरवतात. फलंदाजाला केवळ उत्तर द्यायचे असते. २०२२ आणि पुन्हा २०२४ मध्ये संपूर्ण मेजर लीगची सरासरी ०.२४३ होती. १९६८ नंतर इतकी कमी सरासरी कधी झाली नव्हती. सगळ्याच संघांचे फलंदाज झुंजत असताना आपल्याच संघाचा प्रशिक्षक अपयशी आहे असे वाटणे स्वाभाविक असले, तरी ते न्याय्य नव्हे. संघाची तुलना त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी नव्हे, तर त्याच वर्षीच्या इतर संघांशी व्हायला हवी.

या कसोटीवर पॉपकिन्स प्रकरण पुन्हा तपासता येते. टोरांटोच्या धावा ६७१ वरून ७९८ वर गेल्या आणि स्ट्राइकआऊट होण्याचे त्यांचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या संघांत गणले गेले. ही सुधारणा लीगच्या मानाने मोठी आहे आणि तीत नव्या प्रशिक्षकाचा काहीच हात नव्हता असे म्हणणे कठीण आहे. २०२४ मध्ये ०.२२० पर्यंत घसरलेल्या, पस्तिशीत पोहोचलेल्या जॉर्ज स्प्रिंगरने २०२५ मध्ये ०.३०९ सरासरीसह ३२ होमरन मारले. पण बो बिशेटने आदल्या वर्षी दुखापतींमुळे निम्माच हंगाम खेळला होता. तो बरा होऊन परतला आणि ०.२२५ वरून ०.३११ वर गेला. यात प्रशिक्षकाचा वाटा किती आणि वैद्याचा किती, हे सांगणे सोपे नाही. शिवाय याच पॉपकिन्स यांच्या कारकिर्दीत मिनेसोटाच्या फलंदाजांनी २०२३ मध्ये १,६५४ वेळा स्ट्राइकआऊट होण्याचा नकोसा विक्रम केला होता. आणि त्याच वर्षी तो संघ गटविजेता ठरून २००४ नंतरचा बाद फेरीतील पहिला विजयही मिळवून गेला होता.

खरा प्रश्न मिनेसोटातच दडलेला आहे. २०२३ च्या त्या यशानंतर संघ बळकट करण्याऐवजी मालकांनी खेळाडूंच्या वेतनखर्चात सुमारे तीन कोटी डॉलरची कपात केली. २०२४ च्या उत्तरार्धात कार्लोस कोरिया आणि बायरन बक्स्टन हे दोन्ही आधारस्तंभ दुखापतींनी जायबंदी झाले, तेव्हा त्यांच्या जागी उभे करायला तोडीचे खेळाडू संघाकडे नव्हते. हंगाम संपला आणि गेले कोण, तर फलंदाजीचे प्रशिक्षक. नव्या प्रशिक्षकासह २०२५ मध्ये संघाने ९२ सामने गमावले. जुलैअखेर कोरियासह दहा खेळाडू इतर संघांना देऊन टाकण्यात आले आणि हंगाम संपताच व्यवस्थापक रॉको बाल्डेली यांनाही घरचा रस्ता दाखवण्यात आला. मालकी मात्र पोहलाड कुटुंबाकडेच कायम राहिली. संघ विकण्याचा विचार या कुटुंबाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी नवे भागीदार घेऊन नियंत्रण स्वतःकडेच ठेवले.

भारतीय क्रिकेटरसिकांनाही हे चित्र ओळखीचे वाटावे. २०१९ च्या विश्वचषकात उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडकडून पराभव झाला, त्यानंतर मुख्य प्रशिक्षक आणि गोलंदाजी व क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक कायम राहिले. बदलले गेले ते केवळ फलंदाजी प्रशिक्षक, मूळचे बीडचे संजय बांगर. चौथ्या क्रमांकावर कोणाला खेळवायचे याचा घोळ विश्वचषकापूर्वी बराच काळ चालला होता. तो केवळ फलंदाजी प्रशिक्षकाने घातलेला नव्हता. किंमत मात्र एकट्या त्यांना मोजावी लागली.

सव्वीस खेळाडू बदलता येत नाहीत आणि मालक स्वतःला बदलत नाही, तेव्हा बदलण्याजोगा सर्वांत स्वस्त माणूस प्रशिक्षक उरतो. त्याला काढल्याने काहीतरी केल्याचे दिसते, चाहत्यांचा राग काही दिवस निवतो आणि खेळाडू कोणी निवडले, पैसा कोणी रोखला हे प्रश्न मागे पडतात. चाहत्यांनी प्रशिक्षकाला जाब विचारू नये असे नाही. फलंदाज वाईट चेंडूंच्या मागे धावतात का, तरुण खेळाडू दोन-तीन वर्षांत पुढे सरकतात का, याचा जाब त्याच्याकडे मागायलाच हवा. पण सहा आठवड्यांच्या सरासरीवरून त्याचे डोके मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते डोके मिळाल्याने सर्वाधिक सुटका होते ती त्याच्या वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची.