मधपेट्या वाढवून रानमाश्या वाचत नाहीत

‘मधपेट्या वाढवा, माश्या वाचतील’ ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची सूचना सद्हेतूने केलेली असली, तरी तिच्यात पाळीव मधमाशी आणि बंबल-बी, म्हणजे बहुधा जमिनीतील बिळात लहानशी वसाहत करणारी केसाळ रानमाशी, यांची गल्लत झाली आहे. टोमॅटोच्या फुलातील पराग नळीसारख्या परागकोशांत कोंडलेले असतात. बंबल-बी ती नळी जबड्याने धरून, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या पोटावर सांडतात. मधमाशीला हे साधत नाही. याच गुणासाठी युरोपातील बंबल-बी १९९७ च्या सुमारास चिलीत आणली गेली, २००६ पर्यंत ती अर्जेंटिनात शिरली आणि पातागोनियाची तांबूस, जगातील सर्वांत मोठ्या बंबल-बींपैकी एक असलेली देशी जात विस्तीर्ण प्रदेशातून नाहीशी झाली. पाहुणीसोबत आलेल्या परजीवींचाही त्यात हात असावा. कीटकनाशकांबद्दल पत्रलेखकाचे म्हणणे मात्र रास्त आहे: निओनिकोटिनॉइड, म्हणजे बियाण्याला चोळल्यावर परागात व मधुरसातही उतरणारी विषे, यांपैकी तीन विषांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली. परंतु बांधावर फुलेच नसतील, तर हिवाळ्यानंतर एकटीने वसाहत उभारणारी राणीमाशी उपाशी मरते, आणि तेथे आणखी पेट्या ठेवणे म्हणजे उरल्यासुरल्या मधुरसाला वाटेकरी वाढवणे होय.