नागपूर दीड तासावर, विमानतळ दोन तासांवर

मुंबई ते नागपूर, दीड तास. तिकिटावरची ही वेळ धादांत खोटी आहे. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, हा हिशेब विमानाचा झाला. माणूस भाईंदरहून निघतो आणि विमान जागचे हलायच्या चार तास आधीच त्याचा प्रवास सुरू झालेला असतो.

भाईंदर ते सहारचा विमानतळ हे अंतर पंचवीसेक किलोमीटर. सकाळी आठला निघा. गोल्डन नेस्ट, सिल्व्हर पार्क, काशिमीरा, गाडी गावातच रखडते. पुढे दहिसरचा नाका. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. पैसे वाचले, वेळ नाही. अवजड वाहनांच्या वसुलीसाठी नाका रस्त्यात तसाच उभा राहिला आणि ट्रकच्या रांगेमागे टोल माफ झालेलाही अडकला. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून आम्ही घर सोडतो ते घड्याळ बघून नव्हे, धास्तीने. लोकलने जा म्हणणाऱ्याने गर्दीच्या वेळी भाईंदरला दोन बॅगा आणि म्हातारी आई घेऊन डब्यात चढून दाखवावे.

बरे, तो छापील दीड तास तरी खरा असावा? मुंबईवर विमाने ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालतात, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितले. तासभराच्या घिरट्यांत सुमारे अडीच हजार लिटर इंधन जळते. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. हे वर्षानुवर्षे माहीत असून उड्डाणे वाढवत नेली आणि शेवटी गर्दीच्या तासाला ४६ वरून ४४ वर आणावी लागली.

नवी मुंबईतून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आमच्या वाट्याला त्यासाठी घोडबंदर रस्ता आणि गायमुखचा घाट. तिथल्या कोंडीत रात्र काढलेल्यांना हा पर्याय सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

उपाय कागदावर कधीचाच आहे. दहिसर ते अंधेरी ही ‘मेट्रो ७’ मार्गिका जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावते. तिला उत्तरेकडे मेट्रो ९ ने भाईंदर जोडायचे, दक्षिणेकडे ७अ ने विमानतळ. कामे २०१९ मध्ये हाती घेतली. ७अ जेमतेम साडेतीन किलोमीटरची, तरी बोगद्याचे यंत्र आरपार निघायला एप्रिल २०२५ उजाडला. दरम्यान टॉवरना परवानग्या देण्यात मात्र एक दिवसही खंड पडला नाही. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या मीरा-भाईंदरमध्ये बिल्डर अजून ‘विमानतळ चाळीस मिनिटांवर’ असे फलक लावून घरे विकतात. पहाटे तीनला मोजलेली ती चाळीस मिनिटे छापण्यावर बंदी आणा. सोमवारी सकाळी आठची वेळ छापायला लावा. आणि ७अ वरून पहिला प्रवासी कोणत्या तारखेला विमानतळावर उतरणार, ते आम्हाला लेखी द्या.