रॅक रिकामे, शिव्या आम्हाला

मंडळी, सुपरमार्केटमध्ये रॅक रिकामे दिसले तर कॅशवरच्या पोराला झापू नका. मी सहा वर्षं अशाच एका साखळीत फ्लोअरवर आहे. डिस्ट्रिब्युटरांनी उधारीवर माल देणं बंद केलंय. उरलेली बिस्किटं, साबण आम्ही पुढच्या कडेला एका ओळीत मांडतो, म्हणजे रॅक भरलेला वाटतो. मागे नुसता पत्रा! एसी बंद, पगार पंचवीस तारखेला, टार्गेट मात्र तेच.

म्हणे ऑनलाइनने मारलं. अहो, २००९ मध्ये सुभिक्षाची दुकानं बंद पडली, तेव्हा कुठे होता दहा मिनिटांत घरपोच किराणा? कर्ज काढून दुकानं वाढवत सुटलं की हेच होतं.

आमच्यातले निम्मे एजन्सीच्या पेरोलवर. एजन्सी म्हणते बिल थकलंय, कंपनी म्हणते एजन्सीला विचारा. पण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. पोरांनो, पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचे फोटो जपून ठेवा.

आणि आमदारसाहेब, उद्घाटनाला फीत कापायला आला होतात ना? आता कामगार आयुक्तांच्या कचेरीतही आमच्याबरोबर चला.